गोड बोलण्याचे चाळीस दिवस

राग माझ्या नाकावरच असतो, हे मी कामाला जाते त्या लाँड्रीतल्या इस्त्रीच्या गरम रोलरलासुद्धा माहीत आहे. म्हणून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होताना चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, यंदा पोटाचा उपास राहू द्या, जे खरंच सोडवत नाही ते सोडा, तेव्हा पुढच्या बाकावरच्या तीन बायकांनी वळून माझ्याकडेच पाहिलं. बरं, म्हटलं. चाळीस दिवस सासऱ्यांवर आवाज चढवणार नाही.

घरात आम्ही दोघंच. नवरा आजारपणात गेला, त्याला चार वर्षं झाली. सासऱ्यांनी, मी त्यांना बाबाच म्हणते, जन्मभर कुलपं दुरुस्त केली, त्यांचे हात अजून स्वस्थ बसत नाहीत. जेवणाच्या टेबलावरच कुलूप उघडून बसतात, लोखंडाचा कीस ताटात. कानाचं यंत्र खिशात, मोरीतला नळ चालू. रोज दोनदा तरी आमची जुंपायची. मी ओरडायची, ते म्हणायचे, पोरी, तुझ्यापुढे कारखान्याचा भोंगा काय करील. आणि पोटभर जेवायचे.

आता कीस दिसला की मी मुकाट्याने फडकं घ्यायची. असू द्या बाबा, होतं असं. बायका कौतुक करायला लागल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थनासभेत अनुभव सांगायला लावला, आणि मी मेलीनं उठून सांगितलाही.

पण जिवाला चैन म्हणून नव्हती. कामावर चादरीचं माझं टोक ढिलं पडायचं, चुण्या तशाच रोलरमध्ये जायच्या, समोरची जोडीदारीण करवादायची. घरी आलं की या खोलीतून त्या खोलीत नुसत्या फेऱ्या. गुडघे टेकले तर देव राहायचा बाजूला, मी पडद्याच्या कड्या मोजत बसायची.

बाबाही बदलले. आधी कुलपाखाली कागद घालायला लागले, मग कुलपंच बंद केली. दोन घासांत उठायचे. एकदा मला म्हणाले, तुम्ही बसा, मी घेतो वाढून. मला, तुम्ही! मला वाटलं, बघा, माझ्या व्रताचा गुण त्यांनाही लागला.

चोविसाव्या दिवशी शनिवार होता, अर्धा दिवस काम. दुपारी आले तर बाबांच्या पलंगावर पिशवी, तिच्यात घड्या घातलेले शर्ट. टेबलावर चर्चच्या वृद्धाश्रमाचा अर्ज, त्यांच्या थरथरत्या अक्षरात भरलेला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला. सुटले, असंच आलं मनात. मग खालची ओळ वाचली. जवळचे नातेवाईक: कोणी नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्रत गेलं खड्ड्यात.

"कोणी नाही? मग अकरा वर्षं तुमचे कपडे कोण धुतंय, शेजारीण?"

मोरीतून बाहेर आलेले बाबा दचकले नाहीत. खुर्ची ओढून सावकाश बसले.

"माझा पोरगा शेवटचा महिनाभर असाच गोड बोलत होता माझ्याशी," ते म्हणाले. "जन्मभर भांडला, आणि मग एकदम असू द्या बाबा, होतं असं. तेव्हा मला कळलं नाही. आता कळतं. तूही मनाने निघालीयस. म्हटलं, तू सांगण्याआधी आपणच जावं."

तसं काही नाही हो बाबा, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. चोवीस दिवसांच्या सवयीचं, गुळगुळीत. ते मी बोलले असते तर त्यांनी मान डोलावली असती, आणि संध्याकाळपर्यंत निघून गेले असते. मला त्या माणसाची दया आली आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. सभेत उभी राहून मी काय सोडल्याचं सांगितलं होतं? नुसता आवाज. बाकी मी जशीच्या तशी होते, यांच्यापासून सुटायची वाट बघत.

"अर्ज बघून मला बरं वाटलं, बाबा," मी म्हणाले. "खरंच वाटलं. एकटीनं, मोकळं राहायला मला आवडेल."

मी तो अर्ज उचलून हातात घेतला.

"तरी जाऊ नका."

पोराच्या मातीला ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या माणसाचा चेहरा वेडावाकडा झाला.

"एवढ्या दिवसांत हे पहिलं खरं बोललीस," ते म्हणाले. "मग राहतो."

मी पिशवीतले शर्ट बाहेर काढायला लागले. डोळ्यांना धार लागली होती, आणि ती काही आनंदाची नव्हती; मिळत आलेली मोकळीक मीच परत केली होती. हात जड झाले होते, तरी मी एकेक शर्ट काढून कपाटात ठेवत राहिले.