आभाराचे पान

"चौऱ्याण्णव?" प्रबंध तपासून घ्यायला आलेल्या परिचारिकेने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. "अहो ताई, चौऱ्याण्णव टक्के कसं येईल? तुम्ही दाखवलेल्या ओळी तर मी इथे तुमच्यासमोर बसून नव्यानं लिहिल्या!"

टक्केताईंनी पडदा स्वतःकडे वळवला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अकरा वर्षे त्यांचे हेच काम. विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासणीच्या यंत्रात घालायचे, आणि कोणता मजकूर दुसरीकडून उचललाय ते त्याने दाखवायचे. दहा टक्क्यांच्या वर गेले की प्रबंध परत. म्हणून पोरांनी नाव ठेवले टक्केताई. त्या कधी रागावल्या नाहीत. उलट, "काय रे, चाळीस भरलं तुझं! जरा स्वतःच्या डोक्यानं लिही, आपोआप उतरेल," असे म्हणत उसन्या ओळींखाली पेन्सिलीने बारीक रेघा मारून देत. यंत्र सोडून देई ते फक्त आभाराचे पान. "बरोबरच आहे," ताई हसत. "आभार कोण उसने आणतंय?"

हे रेघा मारणे मात्र नियमात नव्हते. प्रबंध एकदाच तपासायचा, तोही अखेरचा. पण कच्चा मसुदा आधी पाहिला तर लेकरांना सुधारायला वाव मिळतो, म्हणून ताई तो गुपचूप यंत्रात घालत. सांभाळायचे एवढेच, की 'प्रत साठवा' या चौकटीतली खूण आठवणीने काढायची. नाही काढली, तर यंत्र तो मसुदा पोटात ठेवून घेते आणि पुढे खरा प्रबंध आला की त्यालाच नक्कल ठरवते.

अकरा वर्षांत ताई एकदाही विसरल्या नव्हत्या. मागच्या महिन्यात विसरल्या. परिचारिकेचा मसुदा घालत असतानाच घरून फोन आला होता : यजमान न्हाणीघरात पाय घसरून पडले.

"तुझं लिखाण तुझ्याच लिखाणाशी जुळतंय गं," ताई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

"पण परवा शेवटची तारीख! दवाखान्याच्या पाळ्या सांभाळून चार वर्षं लिहिलंय, ताई. आता हुकलं तर संपलंच."

"हुकणार नाही. आधी पाणी पी."

ग्रंथपालसाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि खणातून एक छापील कागद काढला.

"साठवलेली प्रत काढायची तर लेखी कारण लागतं. हा आपला ठरलेला नमुना. 'विद्यार्थ्याने परवानगीशिवाय मसुदा चढवला.' नाव भरा, सही करा."

"मग तिचं?"

"चौकशी होईल. पाच-सहा महिने जातील. सुटेल हो ती."

"आणि परवाची तारीख?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "ताई, तुमची निवृत्ती सात महिन्यांवर आलीय. पुढे दोन वर्षं याच टेबलावर ठेवून घेईन असा शब्द दिलाय मी. खरं लिहिलंत तर तुमचे सगळे कच्चे मसुदे बाहेर येतील. मग माझ्यानं झाकवणार नाही."

"साहेब, आपल्या शब्दांत लिहा, असं अकरा वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडतेय मी. आता मीच नमुना उतरवून काढू?"

"अहो, हा काय प्रबंध आहे?"

"नाही. पण खोटा आहे."

ताईंनी कोरा कागद ओढला. डोळे मिटून घटकाभर देवाचे नाव घेतले आणि लिहिले : 'मसुदा मी तपासला. खूण काढायची मी विसरले. असे मसुदे मी पूर्वीही तपासले आहेत. मुलीचा काही दोष नाही.'

संध्याकाळी घरी यजमान उशीला टेकून बसले होते. सगळे ऐकून म्हणाले, "माझ्या पडण्यानं तुझं टेबल गेलं."

"काहीतरीच काय! तुम्ही पडलात, विसरले मी. आपापलं आपल्यापाशी ठेवा."

मग ताई त्यांच्या गुडघ्याला तेल चोळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी यंत्रातून साठवलेली प्रत निघाली. परिचारिकेचा प्रबंध सहा टक्क्यांवर आला. "ताई, येते हं मी, निवांत भेटायला येते!" असे ओरडत ती पायऱ्या उतरली.

ताईंचा पासवर्ड बदलला. त्यांना मागच्या ओलसर खोलीत बसवले, बांधून आलेल्या प्रबंधांना क्रमांकाची लेबले चिकटवायला. तिथे टक्केताई म्हणणारे कोणी नव्हते. दार वाजले की त्या मान वर करत. बहुतेकदा शिपाई असे.

चार महिन्यांनी गठ्ठ्यात एक निळा प्रबंध आला. परिचारिकेचा. ताईंनी हात पदराला पुसले आणि आभाराचे पान उघडले. 'ग्रंथालयातील सर्व कर्मचारी वर्गाने वेळोवेळी केलेल्या अमूल्य सहकार्याबद्दल मी त्यांची सदैव ऋणी राहीन.'

ओळ ओळखीची वाटली. सकाळीच लेबल लावलेला लाल प्रबंध त्यांनी पुन्हा काढला. अक्षर न अक्षर तेच. त्याच्या खालच्यातही तेच.

सवयीने हात पेन्सिलीकडे गेला आणि ओळीखाली बारीक रेघ उमटलीसुद्धा.

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग खोडरबर घेऊन, कागद खरवडू नये अशा बेताने, त्यांनी ती रेघ हळूहळू पुसली. चुरा फुंकरीने उडवला. पुस्तक मिटून कण्यावर लेबल सरळ लावले, आणि डिंक धरेपर्यंत त्यावर अंगठा दाबून बसून राहिल्या.