सत्तावीस जणांची सळई

टर्नर म्हणजे लेथवर लोखंड तासून मापात आणणारा कारागीर. ते शिकायला आमच्या खासगी आयटीआयमध्ये आम्ही सत्तावीस जण होतो आणि लोखंडाची सळई एकच. नवी मागवली की वरून उत्तर यायचं, पुढच्या वर्षी. मी टूल लावलं की सूर्यभान सर मागून म्हणायचे, "पंकजा, हळू. मागच्यांला उरली पायजे." दोन वर्षं मी केसाएवढा कट घ्यायला शिकले. त्यात वर्गात पहिली आले, हे सांगायची आता लाज वाटते.

मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगच्या वर्कशॉपात जागा निघाली. ती मिळाली नाही तर दिवाळीनंतर आई-दादांसोबत ऊसतोडीला जायचं, असं घरी ठरलं होतं.

तिथल्या फोरमननी, किशनरावांनी, चाळीस मिलीमीटरचा कोरा रॉड लेथच्या पकडीत, चकमध्ये आवळला. "पंचवीसवर आण. अर्धा तास हाय."

इतकं लोखंड एकटीच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. टूल लावलं आणि हात आखडला. साल निघाली ती कागदासारखी. "घुसव की बिनधास्त," किशनराव म्हणाले. कळत होतं मला, पण हात ऐकेना. वेळ संपला तेव्हा माप चौतीस होतं.

त्यांनी रॉडवरून बोट फिरवलं. "हात लय साफ हाय तुझा. पर असं काम केल्यावर माझं जिनिंग चालायचं कवा? एवढं भ्यायलीस कशाला?"

"संपंल म्हणून," मी म्हणाले.

ते हसले. मला कसलं हसू येतंय?

स्टँडवर उतरले ती घरी न जाता तडक आयटीआयमध्ये गेले. डोकं नुसतं तापलं होतं. नवी बॅच लेथभोवती उभी होती. चकमध्ये आमचीच सळई, आता करंगळीएवढी झालेली. सर सांगत होते, "हळू. मागच्यांला उरली पायजे."

लेथवरच्या पोराला मी बाजूला सारलं आणि टूल खोल घुसवलं. सळई थरथरली, वाकली आणि तुटली. दोन वर्षांत मनासारखा घेतलेला तो पहिला कट.

"मागवा आता नवी," मी सरांना म्हणाले.

सरांनी लेथ बंद केला. रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीने तुकडा उचलला आणि उलटसुलट करून बघितला.

"ताई," ती म्हणाली, "सकाळधरनं थांबले व्हते. आता माझा नंबर व्हता."