रिकाम्या गाडीचं माप

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका छोट्या, दोन दारांच्या गाडीत मागे बसला आहात. डोळे मिटायची गरज नाही. फक्त गुडघे जरा पोटाशी घ्या, कारण पाय लांब करायला तिथं जागाच नाही. शेजारी आजी आहे, आजीच्या मांडीवर डबा आहे, आणि तुमच्या बुडाखाली गादी नसून पत्र्याचा एक गोल फुगवटा आहे. मागचं चाक ज्या पोकळीत फिरतं, त्या पोकळीची ती पाठ. रस्त्यात खड्डा आला की पहिला दणका तुम्हाला बसणार, बाकीच्यांना नंतर.

बसलात? ॲग्नेस नेहमी तिथंच बसायची.

ती मरोळच्या गावठाणात राहायची, वय दहा. तिचे डॅडी, युस्टेस, गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओत मोठाले दिवे लावायच्या कामाला होते. शूटिंग रात्रीचं असलं की सकाळी घरी यायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्यांनी आयुष्यात हौस म्हणून केलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे दारातली लाल हेराल्ड. गाडी जुनी, आधी दोन मालकांनी वापरलेली, पण दिसायला चपळ. बुटकी, नाकाड सरळ, आणि वळायची इतकी लहान जागेत की गावठाणातल्या क्रुसाभोवती एका दमात वळसा घ्यायची. पोरं म्हणायची, रेसची गाडी आहे. डॅडी म्हणायचे, रेसची असेल, आपण नाही.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या ऑक्टोबरातली. त्या सुमाराला टायर मिळणं म्हणजे ओळखीपाळखीचं काम झालं होतं. हेराल्डचे मागचे दोन्ही टायर पार झिजले होते. वरची नक्षी तर कधीच गेली होती, आता आतलं कापड दिसायला लागलं होतं. एरवी डॅडींनी आणखी महिनाभर ढकललं असतं. पण त्या शनिवारी दुपारी आयरीन आत्याला घरी आणायचं होतं.

आयरीन आत्या म्हणजे डॅडींची बहीण. सप्टेंबरच्या सणाला गावातल्या क्रुसाला झेंडूच्या माळा बांधताना ती शिडीवरून पडली. मांडीचं हाड मोडलं. ट्रॉम्बेकडच्या एका इस्पितळात तिचं ऑपरेशन झालं, कमरेपर्यंत प्लास्टर चढलं. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत, त्यामुळे ॲग्नेसने तिला तेव्हापासून पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी घरी न्यायची परवानगी दिली, पण बजावून सांगितलं, "दणके बसता कामा नयेत. हाड सरकलं तर पुन्हा सगळं उघडावं लागेल, आणि मग पायाची खात्री मी देणार नाही."

आणि ट्रॉम्बेहून येणारा रस्ता कसा, तर नुसता खड्ड्यांचा. वाटेत टायर फुटला असता तर प्लास्टरमधल्या बाईला उन्हात रस्त्याकडेला उतरवून ठेवणार कुठं? म्हणून त्या सकाळी डॅडी झोपलेच नाहीत. स्टुडिओतून आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "रोनाल्ड, चल. ॲग्नेस बाय, तू पण चल. मला डोळा लागला तर उठव."

रोनाल्ड हा डॅडींचा धाकटा भाऊ. हेराल्डचं खरं वेड त्याला.

तिघं कुर्ला रोडवरच्या चंद्रप्रकाशच्या दुकानात पोचली, तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दुकानात आत हेराल्डला चालतील असे टायर दोनच जोड होते.

आता इथं जरा थांबू. टायरवर आकडे असतात ते तुम्ही कधी वाचले आहेत का? हेराल्डच्या टायरवर असायचं ५.२०-१३. शेवटचा तेरा म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा, म्हणजे रिमचा, व्यास इंचांत. आधीचा आकडा म्हणजे टायरची जाडी, पाच इंचांहून जराशी जास्त. बांगडीचंच घ्या ना. बांगडी मनगटाच्या मापाचीच लागते, तिथं तडजोड नाही. तेराच्या रिमवर चौदाचा टायर बसायचाच नाही. मात्र त्याच मापाची बांगडी बारीकही मिळते आणि जाडजूडही मिळते. जाड घातली तर हात भरलेला दिसतो. पण मग वरून बाही उतरते की अडकते, तेही बघावं लागतं. गाडीची बाही म्हणजे चाकावरचा पत्र्याचा घुमट, ज्याच्या पाठीवर ॲग्नेस बसायची तो.

चंद्रप्रकाशच्या एका जोडावर आकडा होता ५.२०-१३. टायर बारीक, धूळ बसलेले. दुसरा कुठल्याशा विलायती गाडीसाठी मागवलेला, ५.९०-१३. रुंद, काळेभोर, अंगावर खोल नक्षी.

रोनाल्डने रुंद टायरवर हात फिरवला. "दादा, हेच. दुसरं बघूच नको. मागून गाडी काय दिसेल, यार! झकास!"

"दिसायला नकोय मला," डॅडी म्हणाले. ते स्टुलावर बसले होते आणि भिंतीला डोकं टेकलं होतं.

"दिसायचं सोड. आयरीनचा विचार कर. जाड टायरमध्ये हवा जास्त. हवा जास्त म्हणजे गादी जास्त. ती बारीक टायरं म्हणजे सायकलची आहेत नुसती. प्रत्येक खडा तिच्या हाडाला कळेल."

हे खोटं नव्हतं.

"बसतील का पण?" डॅडींनी विचारलं.

"बसतात ना," चंद्रप्रकाश म्हणाला. "तेराचीच रिम आहे. पण साहेब, आत्ताच सांगतो, एकदा तुमच्या रिमवर चढवला की मी परत घेणार नाही. मग म्हणाल चंद्रप्रकाशने फसवलं."

"मापून बघू या की," रोनाल्ड म्हणाला.

चंद्रप्रकाशकडे हेराल्डची एक जादा रिम होती. तिच्यावर त्याने रुंद टायर चढवला, जॅक लावून डावं मागचं चाक काढलं आणि त्या जागी हे बसवलं. जॅक उतरवला. गाडी दोनदा मागेपुढे ढकलली. मग रोनाल्ड उकिडवा बसला आणि टायर व पत्रा यांच्यामधल्या फटीत बोट घातलं.

"जातंय! दादा, बघ, अख्खं बोट जातंय. झालं काम. चंद्रप्रकाश, चढव दोन्ही."

डॅडींनी डोळे न उघडताच मान हलवली. रात्रभर दिवे उचललेल्या माणसाला समोर कोणी ठरवणारं असलं की बरं वाटतं, तसं त्यांना वाटलं असावं.

ॲग्नेस मात्र त्या फटीकडेच बघत होती. "डॅडी, गाडी रिकामी आहे."

"हं."

"डॅडी, आपण रिकामे कुठे जातो?"

रोनाल्ड हसला. "ऐका! इंजिनियर बाई बोलली. जा, बाहेर सावलीत बस जरा."

पण ॲग्नेस म्हणत होती ते त्या घराबद्दल अगदी खरं होतं. कुणाला आणायला किंवा पोचवायला जायचं म्हणजे सगळ्यांनी जायचं, अशी त्यांची रीत होती. एकटा माणूस गेला तर आजी म्हणायची, "काय रे, आम्ही मेलो काय?" नामकरण असो, विमानतळ असो, इस्पितळ असो, हेराल्डमध्ये चौघांच्या जागी सात जणं बसायची. आणि सगळी बसली की ॲग्नेसच्या बुडाखाली खालून काहीतरी वर येतंय असं तिला वाटायचं. बारीक टायर असतानाही मोठ्या खड्ड्यात एखादा ठोका ऐकू यायचा. हे कोणाला माहीत नव्हतं, कारण त्या जागेवर दुसरं कोणी कधी बसलंच नव्हतं.

चंद्रप्रकाश हत्यारं शोधायला आत गेला, तेवढ्यात ती सावलीत गेली. बसथांब्यापाशी खारदांड्याच्या तीन कोळणी मासे विकून परत निघालेल्या, रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या. बसचा पत्ता नव्हता. त्यातली थोराड बाई पाय चोळत होती.

"मावशी," ॲग्नेस म्हणाली, "तुम्ही जरा आमच्या गाडीत बसाल का?"

"कुटं नेतंस गो?"

"कुठंच नाही. नुसतं बसायचं."

बाईने बाकीच्या दोघींकडे पाहिलं. "आयकलंस? नुसतं बसाचं! उभ्या जन्मात कोनी बोलवलं नव्हतं बसाला. चला गो."

डॅडींनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या हेराल्डमध्ये मागच्या बाजूला दोन कोळणी बसल्या होत्या, तिसरी आत शिरत होती आणि ॲग्नेस त्यांच्या टोपल्या डिकीत ठेवत होती.

"अरे, हे काय चाललंय?" रोनाल्ड ओरडला. "वास जाणार नाही आठ दिवस! उतरा, उतरा!"

"वासाला काय झालं रे?" आतून आवाज आला. "खातंस तवा नाय येत वास?"

डॅडी उठले. ते हसले नाहीत, तेवढं त्राण नव्हतं. ते सरळ मागच्या चाकापाशी गेले आणि वाकले. बोट जाईल एवढी फट आता उरली नव्हती. नखसुद्धा जेमतेम शिरलं असतं.

"रोनाल्ड, ढकल जरा."

रोनाल्डने खांदा लावला. दुकानासमोरच्या खळग्यातून गाडी हळूच पुढे सरकली, आणि घुमटाच्या आतून करकरकर असा आवाज आला. डॅडींनी हात आत घालून बाहेर काढला. बोटांना काळं रबर लागलं होतं.

"हे नुसतं ढकलताना," ते म्हणाले. "ट्रॉम्बे रोडला काय होईल?"

चंद्रप्रकाश म्हणाला, "घासून घासून बाजू कापली जाणार, साहेब. मग फाट्‌दिशी जाणार."

चाक खड्ड्यातून गेलं की वर उचललं जातं, मुलांनो. त्याला उचलायला जागा ठेवावी लागते. रिकाम्या गाडीत दिसते ती जागा खरी नव्हे. माणसं बसल्यावर उरते ती खरी.

"बारीकवाले दे," डॅडी म्हणाले.

"आणि आयरीनला दणके बसतील ते?" रोनाल्ड अजून नमला नव्हता. "निदान हवा तरी कमी ठेव."

"हवा कमी केली तर टायर तापतो," चंद्रप्रकाश म्हणाला. "तसं नका करू."

"मग?"

"मग हळू चालवायची," डॅडी म्हणाले. "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

टायर बदलून होईपर्यंत तिघी कोळणी दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. बस आली तेव्हा थोराड बाईने ॲग्नेसच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "परत बोलव गो." डॅडी पुन्हा भिंतीला टेकले. ॲग्नेसला त्यांना दोनदा हलवून उठवावं लागलं.

घरी आले तर सगळी तयार. आजीने सणाचं लुगडं नेसलं होतं. ॲग्नेसची आई ज्युलिया उशा घेऊन उभी होती. शेजारच्या वनमालाबाई थर्मास घेऊन आल्या होत्या, त्यांचं आयरीन आत्याशी फार जमायचं. ॲग्नेस नेहमीप्रमाणे आधी आत चढली, आपल्या फुगवट्यावर जाऊन बसली. तिच्यामागून आजी शिरली, आणि वनमालाबाईंनी एक पाय आत ठेवला.

"आयरीनला कुठं घेणार मग?" डॅडींनी विचारलं.

"मधे घेऊ," आजी म्हणाली. "पाय आमच्या मांडीवर. त्यात काय? ज्युलिया पुढे बसेल, रोनाल्ड मला टेकून बसेल."

डॅडींनी एकदा मागच्या नव्या टायरकडे पाहिलं. आजीला समजावायचं म्हणजे अर्धा तास गेला असता, आणि अर्ध्या तासाचा जोर त्यांच्यात उरला नव्हता. ते पुढे बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि हातांवर कपाळ टेकलं.

ॲग्नेसने आजीकडे बघितलं, मग वनमालाबाईंच्या थर्मासकडे, मग डॅडींच्या पाठीकडे. सणाला आत्याने शिडीवरून तिला हाक मारली होती, ती तिला आठवत होती. तिला सगळ्यांच्या आधी वॉर्डाच्या दारापाशी पोचायचं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती आजीच्या गुडघ्यांवरून पाय टाकून, वनमालाबाईंना बाजूला सारत, गाडीतून खाली उतरली. आईच्या हातातल्या उशा घेतल्या, आणि मागच्या सीटच्या मोकळ्या टोकाला लावून ठेवल्या. मग तिने आजीपुढे हात केला आणि म्हणाली, "आजी, उतर. आपण आत्याची खाट घालून ठेवू."