मोरीत ओतलेलं निळं द्रावण

लांब मानेचा, काचेचा चंबू आहे मी. तोंड आहे मला, पण कोणी कधी काही विचारलं नाही, म्हणून गप्प राहिलो.

भट्टीत फुंकून मला घडवलं आणि मानेवर एक रेघ ओढली. पाणी त्या रेघेला टेकलं की पाव लिटर भरलं. एवढीच माझी विद्या. कॉलेजच्या फळ्यावर वायूंची, संयुगांची गणितं चालायची, ती आपली ऐकत आलो.

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. सर मोरचुदाच्या निळ्या खड्यांचं द्रावण करून बाटलीत ठेवायचे. परीक्षेत मुलांनी गणित सोडवायचं, उत्तर येईल तेवढे खडे तोलून माझ्यात विरघळवायचे. निळा रंग बाटलीशी जुळला की पास.

एका वर्षी एक मुलगी दुसऱ्यांदा परीक्षेला बसली होती. शेजारणीला म्हणाली, "काकांनी बजावलंय, आता नापास झालीस तर कॉलेज बंद. कपड्यांच्या कारखान्यात जायचं." शेवटचं पाणी तिनं रेघेकडे बघत थेंबाथेंबानं सोडलं. फार बरं वाटलं मला.

सरांनी मला बाटलीशेजारी धरलं. "केवढं गडद! ओंजळीनं टाकलंस की काय?"

"सर, खड्याच्या आत पाणी असतं ना, त्याचंही वजन धरलं. म्हणून खडे जास्त लागले."

"म्हणजे बाटली खोटी आणि बाईसाहेब खऱ्या?"

सगळे हसले. ती मान खाली घालून निघून गेली.

खोली रिकामी झाल्यावर सरांनी खडू घेतला. गणित मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. बाटली भरताना खड्यातलं पाणी धरायचं तेच विसरले होते. खिडकीतून फाटकाकडे बघितलं. मला वाटलं, आता हाक मारतील पोरीला. अजून फाटकाशी पोचली नसेल.

त्यांनी फळा पुसला. मला मोरीत उपडं केलं, बाटलीही ओतली, आणि तिच्यात नवं, गडद द्रावण भरलं. निकाल तोच राहिला.

पुढच्या वर्षी सगळी पास. "खड्यातलं पाणी विसरू नका हं, बाळांनो," सर म्हणाले. काय ती माया!

आता माझ्या तोंडाचा टवका उडालाय. फुटक्या काचांच्या खोक्यात पडलोय, उद्या नेतील. ती पोर कुठल्याशा मशीनवर वाकून बसली असेल, आणि आपलंच गणित चुकलं असं समजत असेल. कोणाला भेटली तर एवढं सांगा तिला: बाई गं, तुझं बरोबर होतं.