अठरा टक्के उजळ

बुटाच्या तळाला ठोकलेल्या पत्र्याच्या दोन चकत्या.

पुण्यातला एक लग्नाचा अल्बम. त्यातली नवरी मीच आहे, असं खाली लिहिलंय.

एका डबीत व्हॅसलीन आणि कोको पावडर, घरी कालवलेली.

दर नोव्हेंबरअखेर न चुकता बसणारा घसा.

यातलं लग्न तेवढं माझं. बाकी सगळं ओस्कार लांडफेल्ड यांचं. वय अठ्ठ्याऐंशी. सुरिनामच्या पारामारिबोहून आलेले गायक आणि नकलाकार. त्या चकत्या वाजवत नाचायचे. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या मोठ्या रंगमंचावर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम करणारा पहिला काळा माणूस. मेकअपवाल्यांकडे सगळ्या छटा गुलाबी, म्हणून ती डबी ते घरून न्यायचे. आणि घसा? डिसेंबर जवळ आला की सिंटरक्लास, म्हणजे मुलांना भेटी वाटणारा इथला म्हातारा संत, त्याच्या काळ्या नोकराचं सोंग करायला बोलावणं यायचं. ते कळवायचे, घसा बसलाय. बावीस वर्षं बसला.

मी अश्लेषा. एका छोट्या नाट्यसंग्रहालयात जुने फोटो साफ करते. लांडफेल्ड यांच्यावरचं हे पहिलंच प्रदर्शन होतं आणि त्याच्या पोस्टरचं काम माझ्याकडे होतं. उद्घाटन शनिवारी.

मंगळवार

ते काठी टेकत आले आणि पोस्टरसमोर उभे राहिले. १९६४चा फोटो, उडीत टिपलेला. मग म्हणाले, "देखणा आहे. कोण हा?"

मी सांगितलं, मूळ फोटो काळपट होता, म्हणून चेहरा उजळ केला. किती, त्यांनी विचारलं. अठरा टक्के, मी अभिमानानं म्हणाले.

"मग शनिवारी यालाच बोलवा." ते कोट घ्यायला वळले.

त्याआधी सात वर्षं

लग्नाच्या फोटोग्राफरनं मला इतकं गोरं केलं, की सासूबाईंनी विचारलं, ही तुझी बहीण का गं? मला बहीण नाही. आम्ही सगळे हसलो आणि फोटोग्राफरला वर पेढे दिले. सावळा चेहरा उजळून देणं ही माया असते, हे मी असंच शिकले. लांडफेल्ड यांच्यावर मी तीच माया केली होती.

मंगळवारच

त्यांचा एक हात कोटाच्या बाहीत असताना मी त्यांना हे सगळं सांगून टाकलं. पेढ्यांसकट. ते हसले, मग थांबले.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मलाही नाही."

त्यांनी कोट परत खुंटीला लावला, माझ्याशेजारी खुर्ची ओढली आणि माउस मागून घेतला. पडद्यावरची उजेडाची पट्टी ते एकेक घर खाली आणू लागले. पंधरावर म्हणाले, ब्रेडा गावातल्या एका क्लबमालकाला हा चालला असता. नऊवर म्हणाले, टीव्हीचे मेकअपवाले खूश. चारवर आले तेव्हा म्हणाले, आता आईनं पत्र लिहिलं असतं, आजारी आहेस का. मग शून्य.

"इथे थांब. हा मी."

पोस्टर नव्यानं छापायला गेलं.

शुक्रवार

नवं पोस्टर मी आईला पाठवलं. आईचा, म्हणजे कुमुदिनीबाईंचा, लगेच फोन. "अगं, केवढा काळा दिसतोय. जरा उजळ करायचा की."

"आई, ते तसेच आहेत."

मग म्हणाली, "उडी मात्र झकास आहे हो."

शनिवार

ते आले. भाषणात दिवेवाल्यांचे आभार मानले, विजारी शिवणाऱ्या बाईचे मानले आणि माझेही. खरं तर मीच मानायचे होते. डच शब्द सुचेनात, म्हणून मी मराठीतच म्हणाले, तुमचे उपकार आहेत. एक अक्षर न कळता त्यांनी उत्तर दिलं, "ग्राख खेदान." म्हणजे, आनंदानं केलं.

१९६१ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली, तेव्हा वेष्टनावर त्यांचा फोटो नव्हता. नारळाचं झाड होतं.