गयाबाईंच्या खेपा

वैशाखातल्या दुपारी अहमदपूरच्या एस.टी. स्टँडवरून गयाबाई घराकडे चालत यायच्या, तेव्हा त्यांच्या काळ्या छत्रीच्या असंख्य बारीक भोकांतून ऊन झिरपायचं आणि त्यांच्या सावळ्या कपाळावर, ओघळत्या गालांवर, खांद्यावरच्या फिकट पदरावर पांढरे ठिपके थरथरत राहायचे. छत्रीचं काम ऊन अडवणं हे असतं, हे त्या छत्रीला कुणी सांगितलं नसावं. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "बाई, आता नवी घ्या. हिची पार चाळण झालीय." त्यावर त्या छत्री मिटत म्हणाल्या, "उमरीकरीण, पाऊसच न्हाई तर छत्रीला भोकं असली काय अन् नसली काय! उगं सवय म्हणून धरून राहिले." मी माहेरची उमरीची, एवढ्यावरून त्यांनी माझं बारसं करून टाकलं होतं, आणि शाळेतल्या बाकीच्या बायकांनीही ते निमूटपणे उचललं होतं.

पाऊस खरोखरच नव्हता. लागोपाठ दोन पावसाळे आभाळ यायचं, दारातून डोकावून परत फिरायचं. वाराच काय तो इमानानं वाहायचा, आणि त्याच्या अंगावर आमच्याच शेतांची माती असायची. त्याच सुमारास आमचा जिल्हा नवा झाला. लातूरला गुलाल उधळला गेला, पाट्या पुसून पुन्हा रंगवल्या गेल्या, आता कामं हातोहात होणार असं जो तो म्हणू लागला. हापशाच्या दांड्याचा आवाज मात्र नव्या जिल्ह्यातही जुनाच राहिला. पहाटेच्या धूसर उजेडात तो कोरडा, लोखंडी खणखणाट सुरू व्हायचा आणि कितीतरी वेळानं घागरीच्या तळाशी पाण्याची एक कृपण धार वाजायची. त्या रांगेत उभं राहूनच आम्ही दोघी शाळेत जायचो.

मुलींच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि मी भूगोल. वयानं त्या माझ्या आईच्या बरोबरीच्या. रेणापूरकडच्या एका खेड्यातलं त्यांचं घर. धर्मांतराच्या त्या थोर लाटेत त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं टाकली, बुद्धाची तसबीर भिंतीवर लावली आणि मुलीला पुढच्या शाळेला पाठवलं. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. या सगळ्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण संध्याकाळी विहारातला दिवा लावताना त्यांचा हात वातीपाशी जरा जास्तच वेळ रेंगाळायचा, तेवढ्यात मला काय कळायचं ते कळायचं. एरवी बाई फटकळ. पर्समध्ये कायम खडूचा तुकडा. कुठल्याही कचेरीत गेल्या की आधी फळ्यावरचं 'धुम्रपान' पुसून 'धूम्रपान' करायच्या आणि मगच साहेबाच्या टेबलाकडे वळायच्या. साहेबही बावरून खुर्चीत सरळ बसायचा. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे सांगायला कशाला लाजू?

त्यांच्या घरात दियू राहायची. तिचं पुरतं नाव दियू हान. ते बौद्धवाड्यातल्या बायकांच्या जिभेवर आठवडाभरही टिकलं नाही. दियूची दिव्या झाली आणि दिव्याची दिव्याअम्मा. ती व्हिएतनामची भिक्षुणी. तपकिरी चीवर, मुंडन केलेलं डोकं, आणि चालणं असं, की वाळलेल्या पानावर पाय पडला तरी पान वाजू नये. ऐन तारुण्यात ती पाली शिकायला बिहारात आली होती. तिकडे तिच्या मुलखातलं युद्ध संपलं, सत्ता पालटली, आणि ज्या राज्यानं तिला पासपोर्ट दिला होता ते राज्यच नाहीसं झालं. परतीची वाट तिच्या पाठीमागे अशी गुपचूप मिटून गेली. पुढे आमच्या विहाराच्या एका कार्यक्रमाला ती इतर भिक्षुणींबरोबर आली, आजारी पडली, बाकीच्या उत्तरेकडे परतल्या आणि ही गयाबाईंच्या ओसरीवर राहिली. तिच्या राहण्याच्या परवान्यासाठी आणि उत्तरेतल्या तिच्या सख्यांसाठीही अर्ज करणं, कुणाची मुदत वाढवून घेणं, कुणाच्या औषधपाण्याची तजवीज लावणं हे गयाबाईंचं काम होऊन बसलं. 'लष्कराच्या भाकऱ्या' असं शाळेत त्यांच्या माघारी म्हटलं जायचं. त्यांच्या तोंडावर म्हणायची छाती कुणाला होती!

त्या दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात दियूला मुदतीचा ताप आला. दिवसचे दिवस ती डोळे मिटून पडून असायची, ओठांवर पापुद्रे आलेले, आणि मधूनच तिच्या घशातून एक शब्द निघायचा, "नुअक... नुअक..." गयाबाईंनी तिच्याकडून चार शब्द शिकून घेतले होते, नुअक म्हणजे पाणी, हे त्यांना ठाऊक होतं. मग काय, हापशावर दुपारच्या उन्हात दुसरी खेप सुरू झाली. बायकांनाही कळलं, की अम्मा तापात पाणी मागतेय. ज्यांच्या घरी रांजण पालथे पडले होते त्या बायांनी आपल्या घागरीतून तांब्या-तांब्या काढून दिला. गयाबाई ओल्या फडक्यानं तिचे ओठ टिपायच्या, चमच्यानं पाणी घालायच्या, आणि दियू मान फिरवायची. पाणी गालावरून उशीत जिरायचं. एवढ्या मोलाचं पाणी उशीत जिरताना पाहून मला, खरं सांगते, तिचा राग यायचा.

ताप उतरल्यावर एका सकाळी तिला भिंतीला टेकून बसवलं होतं. गयाबाई लटक्या रागानं म्हणाल्या, "काय ग, रोज पाणी मागायचीस अन् तोंड फिरवायचीस. साऱ्या वाड्याला पळवलंस की!" दियू गोंधळली. तिनं पुन्हा विचारून घेतलं, आपण काय म्हणत होतो ते. आणि मग तिचे डोळे भरून आले.

"ताई, पाणी नव्हते मागत," ती तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली. "नुअक म्हणजे पाणी. नुअक म्हणजे देश पण. आमच्याकडे दोन्हीला शब्द एकच. मी घरी जाते म्हणत होते. आईकडे."

मी भूगोलाची बाई. कौतुकानं काहीतरी बोलणार होते, नद्यांच्या मुखाशी वसलेल्या त्या चिंचोळ्या देशाविषयी. पण तेवढ्यात माझी नजर गयाबाईंकडे गेली. त्यांचा हात पदराच्या टोकाशी थांबला होता, आणि नजर दाराबाहेरच्या उन्हात कुठेतरी फार मागे गेली होती.

"आमच्या गावच्या आडाला पाणी लई होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही घागरी घेऊन लांब उभं राहायचो. कुणाला दया आली तर वरून ओतायचे. दुपार व्हायची. त्या पाण्यात आमचं तोंड कधी दिसलं न्हाई, उमरीकरीण. पाणी आपलं न्हाई, तर देश तरी कशाचा आपला? हिची भाषा शहाणी हाय."

मग दियूकडे वळून त्यांनी विचारलं, "आई हाय ना अजून?"

"आहे. म्हातारी आहे. नदीकाठी एकटी."

"मग तिला तू दिसशील. हाव, दिसशील. मी हाय ना."

त्या दिवसापासून गयाबाईंच्या आयुष्याला एकच दिशा उरली: दियूला एकदा, एकदाच, आईच्या जिवंतपणी घरी पोचवायचं. कुठल्याही देशाची नसलेली ही बाई सीमेपलीकडे जाऊ शकेल आणि परत येऊ शकेल, असा प्रवासाचा कागद मिळवायचा. सुट्टी आली की छत्री, भाकरीचं फडकं, खडू, आणि लाल एस.टी. पूर्वी त्यांचं जाणं जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत असे. जिल्हा फुटल्यावर तिथले लोक म्हणाले, तुमचा तालुका आता आमच्याकडे नाही. नव्या जिल्ह्यात गेल्या, तर तिथे टेबलं नवी, कपाटं रिकामी, वार्निशाचा वास दरवळतोय. मी एकदा सोबत गेले होते. कारकून मोठा गोड माणूस; चहा मागवला, पंखा त्यांच्याकडे वळवला. म्हणाला, "बाई, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमची कागदपत्रं तिकडून यायचीत."

"जिल्हा फुटला म्हणून माणूस बी मधून फुटतंय का?" गयाबाईंनी विचारलं.

तो खाली मान घालून हसला. कुणीच उर्मट नव्हतं, कुणी लाच मागितली नाही, कुणाची म्हणावी अशी चूकही नव्हती. भांडायला समोर कुणी असतं तर बाईंनी त्याला केव्हाच जमिनीवर आणलं असतं. इथे नुसती मऊ माती होती. पाऊल टाकावं तिथे रुतत होतं. सरकारी काम नि सहा महिने थांब, असं मी परतीच्या गाडीत म्हणाले. खिडकीबाहेर मांजरा नदीचं कोरडं पात्र मागे सरकत होतं, आणि मावळतीचा उजेड त्यातल्या वाळूवर असा पसरला होता, की क्षणभर पाणीच आहे असं वाटावं.

पुढच्या हिवाळ्यात उत्तरेतली एक भिक्षुणी दियूला भेटायला आली. गयाबाई तेव्हा शाळेत होत्या. अंगणात बसून त्या दोघी आपल्या भाषेत हळू आवाजात बोलल्या आणि पाहुणी संध्याकाळच्या गाडीनं नांदेडकडे निघून गेली. तिनं सांगितलं होतं, की दियूची आई गेली. हे मला फार उशिरा कळलं, आणि गयाबाईंना तर कधीच कळलं नाही. त्या घरी आल्या तेव्हा दियू चुलीपाशी होती, आणि त्यांच्या पुढच्या खेपेसाठी तिनं कपडे धुऊन ठेवले होते.

त्यानंतरही गयाबाई जातच राहिल्या. दियू पहाटे उठून त्यांच्यासाठी भाकरी थापायची, चटणी बांधून द्यायची, स्टँडपर्यंत सोबत चालायची. गाडी वळणाआड गेली तरी धुळीत तशीच उभी राहायची. मला वाटायचं, केवढी आशा आहे या बाईला! गयाबाई मात्र ओसरत चालल्या होत्या. पायांवर सूज यायची, फळ्यावर लिहिताना अक्षर खाली उतरायचं. मी म्हटलं, "बाई, आता पुरे करा." त्या भडकल्या. "तिची आई नदीकाठी बसून राहिली असंल की ग. ती काय म्हणंल मला?"

दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखाच्या ऐन तापात, त्या शेवटच्या गेल्या. दिवेलागणीला परत आल्या तेव्हा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल होता, आणि तरी त्यांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची दिली होती. कागद सापडले होते. पुढल्या महिन्यात या, म्हणाले होते. "झालं म्हण काम," त्या दियूचा हात हातात घेऊन सांगत होत्या, "आता आईला काय न्यायचं ते बघ. साडी नेसती का ग तुझी आई?" दियूनं मान खाली घातली. गयाबाईंना ऊन बाधलं होतं. रात्रीतून अंग भट्टीसारखं झालं. ओली चादर टाकायला पाणी गोळा केलं ते पुन्हा वाड्यातल्या बायकांनीच. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, पण शुद्ध अशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी गयाबाई गेल्या.

त्यांच्यासाठी सगळा वाडा रडला. शाळेतल्या मुली रडल्या, 'लष्कराच्या भाकऱ्या' म्हणणाऱ्याही रडल्या. दियू रडली नाही. विहारातलं वंदनासूत्र संपून माणसं पांगली, तरी ती गयाबाईंच्या तसबिरीसमोर बसून तिच्या भाषेत काहीतरी म्हणत होती, एका लयीत, श्वास सोडावा तितक्या हळू. मी शेजारी जाऊन बसले. मग काहीतरी धीर द्यायचा म्हणून मी म्हणाले, "पुढल्या महिन्यात मी येते तुझ्याबरोबर लातूरला. बाईंचं काम अर्धं नाही राहू द्यायचं. तुझी आई वाट बघत असेल."

तेव्हा तिनं मला सांगितलं. हिवाळ्यातल्या त्या पाहुणीचं, आणि तिनं आणलेल्या बातमीचं.

मला राग आला, अनावर आला. एवढ्या उन्हात, एवढ्या वेळा, कुणासाठी गेल्या बाई? "अगं, मग सांगितलं का नाहीस त्यांना? का जाऊ दिलंस?"

दियूनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला अपराध शोधूनही सापडला नाही, नुसता एक अफाट थकवा होता.

"ताई जात होत्या, म्हणून आई जिवंत होती," ती म्हणाली. "ताई यायच्या, सांगायच्या, तुझी आई वाट बघते. मला खरं वाटायचं. आता कोण सांगणार?"

मी लातूरला गेले नाही. कागद झाला असेल, नसेल. विचारायला कुणी उरलं नव्हतं. दियू अजून त्याच घरात राहते. दर वैशाखात आम्ही दोघी विहारात दोन दिवे लावतो, एक गयाबाईंचा आणि एक त्या नदीकाठच्या म्हातारीचा. तिचा खरा दिवस कोणता, हे दियूला कधी कळलंच नाही. त्या दोन मरणांमध्ये किती काळ गेला ते काळालाच माहीत. आमच्यापुरत्या त्या दोघी एकाच दिवशी गेल्या.