माझ्या पंपावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. मशीनला डोकं नसतं, हे मला कुणी सांगायला नको. जे काय असेल ते फिरलंय, असं समजा.

माझं काम कापूस रंगवणं. कापड नाही, सूतही नाही. सूत कातायच्या आधीचा, नाकात जाऊन शिंका आणणारा मोकळा कापूस. एखाद्या करड्या बनियनकडे जवळून बघा. काळे नि पांढरे तंतू एकमेकांत मिसळलेले दिसतील. त्यातले काळे माझ्यासारखीच्या पोटातून आलेले असतात.

जाड पोलादी पत्र्याला गोल वाक देऊन मला घडवलं. आतले सांधे इतके घोटले, की बोट फिरवलं तरी लागू नयेत. इथे कारखान्यात आले तेव्हा दारातून मावेना, म्हणून भिंत पाडावी लागली. एवढ्या मानाने आलेली मी!

माझ्या कामाची रीत समजून घ्या, नाहीतर पुढचा तमाशा कळायचा नाही. माझ्याशेजारी, भिंतीला लागून, एका चौथऱ्यावर मोठा गोल पिंजरा असतो. त्याच्या मधोमध भोकाभोकांची उभी नळी. शिडीने आत उतरायचं, नळीभोवती कापूस पसरायचा, पाण्याने भिजवायचा आणि गमबुटांनी तुडवायचा. पुन्हा पसरा, भिजवा, तुडवा. पिंजरा गच्च भरला की साखळीने उचलून माझ्या पोटात सोडायचा. मग माझा पंप रंगाचं कढत पाणी आतून बाहेर ढकलतो, थोड्या वेळाने बाहेरून आत.

आता पाण्याचा स्वभाव ऐका. पाणी महाआळशी. वाट मोकळी दिसली की तिथूनच पळणार, गच्च जागेत कशाला शिरेल? म्हणून कापूस सगळीकडे सारखाच तुडवलेला लागतो. एकोणीस-वीसचा फरक पुढे पिंजताना मिसळून जातो. पण एक बाजू ढिली राहिली, तर सगळा रंग तिथूनच ये-जा करतो आणि दुसरी बाजू आजारी माणसासारखी फिकी पडते.

सव्वीस वर्षं हे तुडवायचं काम एकाच माणसाने केलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. नळीला हात न लावता गोल गोल चालत ते असं तुडवत, की वरून पाणी ओतलं तर परातीत राहावं तसं सपाट राहायचं. लांबून माणसं आमचा काळा रंग बघायला येत. "मशीन आहे की जादू!" म्हणत. उस्ताद माझ्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "ही माझी थोरली लेक."

दोन वर्षांपूर्वी त्यांची सून हाताखाली शिकायला आली. सगळे तिला सूनबाईच म्हणतात. कामसू, आणि जिभेला धार. पण सासऱ्यांसमोर ती धार म्यानात.

गेल्या वर्षी उस्तादांचा गुडघा धरला. कुणाला सांगितलं? छे! त्यांच्या आधीच्या कारागिराचे पाय थकले, तेव्हा त्याला फाटकाजवळ गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं होतं. ते उस्तादांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्यांनी आपली युक्ती काढली. शिडीचा कठडा धरायचा आणि त्याच बाजूला तुडवत राहायचं. पलीकडे, भिंतीच्या बाजूला, धरायला काही नाही. तिथे दोन-चार पावलं टाकल्यासारखी करायची. बघणारे सगळे शिडीकडेच उभे राहतात. भिंतीकडे बघतंय कोण? मी. आणि मला तोंड नाही.

असा पहिला घाणा, म्हणजे पिंजराभर रंगवलेला कापूस, चट्ट्यापट्ट्यांचा निघाला. म्हैस धुऊन काढावी आणि अर्धीच धुवावी, तसा. उस्तादांनी भुवया चढवल्या. "पंप दमला वाटतं हिचा."

माझा पंप! अहो, काय म्हणावं आता?

सूनबाईला सगळं ठाऊक होतं. घरी जिना चढताना ते एक पाय वर टाकतात, दुसरा ओढून घेतात, हे ती रोज बघत होती. विचारलं तर, "काही नाही, पाय अवघडलाय." चारचौघांत ती काय बोलणार? म्हणून तिनेही युक्ती काढली. उस्ताद रंग कालवायला गेले, की ही पटकन पिंजऱ्यात उतरून भिंतीची बाजू तुडवून घ्यायची. घाणे पुन्हा सरळ निघू लागले.

झालं ते बरं झालं, असं तुम्हाला वाटेल. थांबा. घाणे सुधारण्याच्या आदल्याच दिवशी उस्तादांनी चिडून माझ्या पंपावर लाकडी हातोडा घातला होता. त्यांनी जगाला सांगितलं, "बघितलंत? तीन ठोके दिले की सुतासारखी सरळ येते!" तेव्हापासून रोज तीन ठोके. चूक गुडघ्याची, दुरुस्ती सुनेची, आणि मार कुणाला? मला! सहा महिने मी विनाकारण मार खाल्ला, मित्रांनो. सूनबाई लाजून मान खाली घालायची, एवढंच माझं सांत्वन.

मग कारखान्याच्या साहेबांना सुचलं, की एका मशीनवर दोन माणसं कशाला? ते साहेब म्हणजे घाईचा पुतळा. ओला कापूस नेहमी गडद दिसतो, वाळवून रंग बघायचा असतो, हे त्यांना कितीही वेळा सांगा. तर त्यांनी सूनबाईला वाळवणी विभागात पाठवलं. त्याच आठवड्यात तीन घाणे वाया गेले. उस्तादांचे ठोके तीनवरून दहावर गेले.

फिटर आला. त्याने माझा पंप उघडला, आत डोकं घातलं, बाहेर काढलं.

"पंप ठणठणीत आहे, साहेब. माझ्यापेक्षा बरा आहे."

"मग चट्टे का पडतात?"

"आता मी काय सांगू? मी पंप बघतो, कापूस नाही."

"म्हातारी झालीय," साहेब म्हणाले. "सोमवारी गॅसकटरवाला बोलवा. तोडून भंगारात काढू."

उस्ताद तिथेच उभे होते. बोलायला गेलं तर गुडघा उघडा पडणार, गप्प राहिलं तर मी तुकड्यांनी जाणार. ते गप्प राहिले. सव्वीस वर्षं थोरली लेक म्हटलं होतं मला! मला वाफेने शिट्टी मारावीशी वाटली, पण वाफेचा नळ बंद होता.

शनिवारी शेवटचा घाणा भरायचा होता. बातमी वाळवणीपर्यंत पोचली आणि सूनबाई डोक्याचं फडकं तसंच ठेवून धावत आली. पिंजरा भरून तयार होता. फिटर साखळी अडकवत होता.

"थांबा जरा," ती म्हणाली. मग कुणीच कधी जात नाही त्या बाजूने ती, भिंत आणि पिंजरा यांच्यामधल्या फटीत आडवी शिरली. "बाबा, इकडे या ना."

"काय आहे तिकडे? वेळ नाहीये, पोरी."

"हात घाला इथे. मला नीट कळत नाहीये, म्हणून विचारते."

उस्ताद लंगडत आले. त्यांनी कापसात हात खुपसला. कोपरापर्यंत गेला. मग शिडीच्या बाजूला येऊन घातला. मनगटाशी अडला. सव्वीस वर्षांची सवय, ते ताडकन ओरडले, "हा काय ढिसाळपणा! कुणी भरला हा पिंजरा?"

फिटर छताकडे बघू लागला. सूनबाई कापसातल्या काड्या वेचू लागली. पिंजरा भरणारा माणूस इथे एकच होता, आणि तोच विचारत होता.

उस्तादांचा हात तसाच कापसात राहिला. सूनबाई होती तोवर घाणे सरळ, ती गेली आणि चट्टे; हा हिशेब त्यांना आत्ता लागला.

"तू किती दिवस तुडवत होतीस माझ्यामागे?" त्यांनी हळूच विचारलं.

"सहा महिने."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात, बाबा?"

उस्तादांनी हात बाहेर काढला. "साहेबांना बोलवा," ते फिटरला म्हणाले.

साहेब आले. उस्ताद त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले, म्हणजे जमेल तेवढे ताठ. "साहेब, मशीनमध्ये दोष नाही. माझा गुडघा गेलाय. मी एकाच बाजूला तुडवत होतो. मला फाटकावर बसवा हवं तर, पण हिला हात लावू नका."

साहेब गोंधळले. "अहो, पण फाटकावर तर..."

आणि इथे सूनबाईची म्यानातली धार बाहेर आली. "फाटकावर कशाला? तुडवायला पाय लागतात, साहेब, ते माझ्याकडे आहेत. रंगाला नजर लागते, ती त्यांच्याकडे आहे. आणि तुम्ही आज तरी वाळलेला नमुना बघा."

पिंजरा रिकामा केला. सूनबाई आत उतरली. उस्तादांना बाहेर खुर्ची दिली, तर त्यांनी बसल्या बसल्या तिला हैराण केलं. "भिंतीकडे! झोपलीस का? टाच मार, टाच! कापूस आहे तो, गालिचा नाही!"

"दिसतंय मला, बाबा!"

"दिसून काय उपयोग? पायाला कळलं पाहिजे!"

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. पण घाणा असा निघाला, की साहेबांनी वाळलेल्या कापसाची चिमूट हातात घेऊन तीनदा उलटसुलट केली आणि सोमवारचा गॅसकटरवाला रद्द केला. उस्तादांची खुर्चीही माझ्याशेजारीच राहिली.

तर मित्रांनो, मी अजून शाबूत आहे आणि अजून वैतागलेली आहे. तुम्ही मोठेपणी एखाद्या मशीनवर उभे राहाल. तिची जाळी रोज धुवा, वाफ हळू सोडा, रंगाची खरकटी टाकी तशीच ठेवून घरी जाऊ नका. एवढं तर कुणीही सांगेल. मला याहून थोडं जास्त मागायचंय. पाय दुखत असेल तर दुखतोय म्हणा. शेजारच्याचा दुखताना दिसला, तर त्याला खुर्ची द्या आणि बोला. आम्ही लोखंडाच्या, आमचा नाइलाज आहे. तुम्हाला चांगलं तोंड दिलंय, तर ते फक्त चहाला का उघडता?